आत्राम सिस्टरचा नव्वदावा दिवस

"हा रामदास बरा हाये, असं तुले कोनं सांगतलं?"

आत्राम सिस्टर माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि त्यांचं बोट माझ्या यादीतल्या एका नावावर रोवलेलं होतं. मी म्हटलं, त्याच्या भावानं सांगितलं, परवाच, फोनवर. नीट विचारलं होतं मी. रामदास कसा आहे? बरं हाय. जेवतो का? हो जी. मग मी यादीत 'जिवंत'वर खूण केली आणि पुढचा फोन लावला. यात माझं काय चुकलं?

"तो मेला," सिस्टर म्हणाल्या. "तीन हप्ते झाले. काल मी भाचीच्या साक्षगंधाले घाटंजीकडं गेलती, तथी थ्याच्या गावचे लोक भेटले. तेरवी झाली त्याची, अन् तू इथं पंख्याखाली बसून त्याले जेवू घालून राह्यला!"

खरं सांगतो, मला आधी रागच आला. सिस्टरचा नाही, त्या भावाचा. अरे, माणूस मेला तर मेला सांग ना, खोटं कशाला बोलायचं? तावातावानं मी तिथंच त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भाऊ हळूच म्हणाला, "साहेब, तुमी लोकायनं एवढं केलं. थ्या सिस्टरबाईनं त्याले लेकरावानी धुतलं-पुसलं. तुमी एवढ्या आशेनं इचारून राह्यले, तुमाले कोन्या तोंडानं सांगाव? वाईट वाटन तुमाले. म्हून म्हनलं, बरं हाय."

सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच्याशी अर्धा तास बोलल्या. ताप परत केव्हा आला, किती दिवस होता, पाणी पीत होता का, कोणाला दाखवलं का. सगळं डाव्या तळहातावर पेननं लिहून घेतलं. फोन ठेवला आणि माझी यादी पुन्हा उचलली.

"सांग आता, बाकीचे कोन कोन बरे हायेत तुया यादीत?"

मी तेव्हा त्या दवाखान्यात नवाच होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातला एक मोठा दवाखाना, एवढं पुरे. तिथल्या आयसीयूत सेप्सिसचा एक अभ्यास चालू होता. सेप्सिस म्हणजे काय, हे मला मोठ्या सरांनी, म्हणजे अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांनी, फळ्यावर चित्रं काढून तासभर समजावलं होतं आणि मला शष्प कळलं नव्हतं. सिस्टरनी दोन वाक्यांत सांगितलं. "वावराच्या धुऱ्यावरचं तण जाळाले आपण काडी लावतो. वारा सुटला का तीच आग वावरात घुसते, मंग तण राहते बाजूले अन् उभं पीक जळते." जखम छोटीच असते, जंतू आत शिरतात, त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचंच घर पेटवून घेतं. रक्तदाब पडतो, किडनी बंद पडते, शुद्ध जाते.

अभ्यासातला प्रश्न साधा होता. अशा पेशंटला सलाइन सुरुवातीलाच भरपूर द्यायचं, का जपून देऊन रक्तदाब वाढवणारं औषध लवकर चालू करायचं? दोन्ही रीती जगभर चालतात. कोणती जास्त जीव वाचवते, हे कोणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. उत्तर मोजायचं होतं नव्वदाव्या दिवशी, माणूस जिवंत आहे का नाही यावरून. बस्स, सगळा खटाटोप त्या एका रकान्यासाठी, आणि तो रकाना फोन लावून भरणारा मी. प्रफुल्ल, बी.एस्सी., राहणार लोहारा. मोठा हुशार समजत होतो स्वतःला.

सिस्टर केळापूरकडच्या, गोंड घरातल्या. वय सत्तावन्न, निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. अंगानं काडी, पण आवाज असा की वऱ्हांड्यातले नातेवाईक उगाचच उभे राहायचे. गालात कायम लवंग. पेशंटला बेडच्या नंबरानं हाक मारलेली त्यांना खपायची नाही. एखादा नवा डॉक्टर विचारायचा, "सिस्टर, सातचं बीपी किती?" तर त्या भोळा चेहरा करून इकडंतिकडं बघायच्या. "सात कोन? मले त माहीत नाई बावा. मारेगावच्या शांताबाईचं म्हनत असान, तर तिचं नव्वद हाये." तिसऱ्या दिवशी तो डॉक्टर मुकाट शांताबाई म्हणायला लागायचा.

सलाइनचे थेंब त्या गोंडीत मोजायच्या. उंदी, रंड, मुंड, नालुंग. मी विचारलं, मराठीत काहून नाही मोजत? म्हणाल्या, "मराठीत मोजलं का लोक मधातच इचारते, किती झाले सिस्टर? गोंडीत मोजलं का कोनी तोंड घालत नाई." हात धुण्याच्या बाबतीत तर त्यांनी कोणाचीही गय केली नाही. एकदा पाहणीला आलेले एक बडे अधिकारी तसेच पेशंटच्या अंगावरची चादर नीट करायला वाकले. सिस्टरनी त्यांचं मनगट हवेतच धरलं आणि बेसिनपाशी नेऊन सोडलं. "चादर मी करीन नीट, तुमी आधी साबन लावा." आम्ही सगळे पांढरे पडलो. साहेबांनी साबण लावला.

तर, रामदासच्या त्या प्रकरणानंतर सिस्टर सरळ मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. मलाही दंडाला धरून नेलं. म्हणाल्या, "सर, ह्या पोराची यादी चुलीत घाला. आपले लोक फोनवर वाईट सांगत नाईत. मले गाडी द्या. मी घरी जाऊन पाहीन, मंगच लिहीन."

सर म्हणाले, "सिस्टर, फोन चालतो असं अभ्यासाच्या नियमातच लिहिलंय."

"नियम ज्यानं लिहिला, त्यानं कदी घाटंजीले फोन लावला का?"

सर हसले आणि गाडी दिली. शकीलभाईंची बोलेरो, आठवड्यातून दोन दिवस. सिस्टर आपल्या सुट्टीच्या दिवशी यायच्या, सोबत भाकरीचा डबा, मिरचीचा ठेचा आणि मी. गावोगाव हिंडलो. माझ्या यादीतले आणखी काही 'बरे' लोक गेलेले निघाले. हसत, हात जोडून दवाखान्यातून बाहेर पडलेली माणसं. घरी गेली, अंगात त्राण नाही, गिळवत नाही, पुन्हा बारीक ताप आला, तर घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. आठ-पंधरा दिवसांत खेळ खलास. आणि उलटंही निघालं. एका म्हाताऱ्याला त्याच्या पोरांनी 'आता काही राहिलं नाही' म्हणून मरायला घरी नेलं होतं, आमच्या डॉक्टरांनी कागदावर त्याला मारूनही टाकलं होतं. आम्ही गेलो तर बुवा अंगणात बाज विणत बसलेला. आम्हाला बघून खेकसला, "आता आले? दोन महिने झाले, कोनी इचारलं नाई!" सिस्टर इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग त्याची नाडी धरून बराच वेळ बसूनच राहिल्या.

परतताना त्या म्हणाल्या, "आपन त्याले फाटकापर्यंत पोचवतो, अन् समजतो का घरी पोचला." पुढच्या आठवड्यापासून त्यांनी नियमच करून टाकला. सुट्टी झालेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी आठव्या दिवशी जायचं. अभ्यासात हे नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. पण ताप परत आलेली माणसं आम्ही वेळेवर उचलून आणू लागलो, आणि मग सरांनीही विरोध सोडला.

ऑक्टोबरात केळापूरकडची लक्ष्मी टेकाम आली. सव्वीस वर्षांची. सोयाबीन सोंगताना पायाला विळा लागला, हळद-चुना भरला, चार दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला. आणली तेव्हा बेशुद्ध. सोबत बाप, मारोती टेकाम, डोक्याला शेला, हातात तिची एक चप्पल. दुसरी कुठं पडली होती कोण जाणे.

अभ्यासात घ्यायचं तर घरच्यांची संमती लागते, आणि कोणत्या पेशंटला कोणती रीत हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. हे नातेवाईकांना सांगणं म्हणजे महाकठीण काम. मारोतभाऊनी ऐकलं आणि डोळेच वटारले. "चिठ्ठी टाकून इलाज करता का माह्या पोरीचा?"

दुसरं कोणी असतं तर गुळगुळीत बोललं असतं. सिस्टर त्याच्याजवळ खाली फरशीवर बसल्या. "हव भाऊ, चिठ्ठीच हाये. दोन रस्ते हायेत, दोन्ही चांगले. कोनता जास्त चांगला, थे मोठ्या डॉक्टरलेही माहीत नाई, म्हून तर पाहून राह्यलो. तुमी नाई म्हनलं तरी इलाज होईन, माह्याच हातानं होईन, जराही कमी नाई." मग पुढचं दोघं गोंडीत बोलले. मारोतभाऊनी अंगठा दिला.

सहा दिवस लक्ष्मी तशीच. किडनी बंद, श्वासाला मशीन. सहाव्या दिवशी गावाकडची दहा-बारा माणसं आली, खाली गाडी उभी. मारोतभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, आता घरी नेतो. तिच्या मायच्या हातचं पानी तिच्या तोंडात पडू द्या." आमच्याकडं ही रीत आहे. परक्या जागी, नळ्यांमध्ये जीव जाऊ नये, आपल्या माणसाच्या हातचं पाणी तोंडात असावं. या रीतीला नाही म्हणणं डॉक्टरांनाही जमत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "ते बरी होईनच, असं मी म्हनत नाई. खोटी आशा मी देत नाई कोनाले. पन कालपासून बीपीचं औषध अर्ध्यावर आलं. मले उद्या दुपारी बारापर्यंत वेळ द्या. मंग तुमची लेक, तुमची मर्जी. गाडीत मीच ठेवून देईन तिले."

गाडी खालीच थांबली. सिस्टरची ड्यूटी संपली, त्या घरी गेल्या नाहीत. लक्ष्मीची कूस बदलत राहिल्या, पायाची जखम पुसत राहिल्या, आणि तिच्याशी बोलत राहिल्या, जशा त्या सगळ्याच बेशुद्ध लोकांशी बोलायच्या. दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता काही नाही. अकराला काही नाही. बाहेर बायका रडायला लागल्या होत्या. मी खिडकीशी उभा होतो, खालच्या गाडीकडं बघत. साडेअकराच्या सुमारास सिस्टर ओरडल्या, "मारोतभाऊले बोलाव! हात धुवून आन!"

मारोतभाऊ आत आले, तोंडाला मास्क, हातातून पाणी गळतंय. सिस्टर पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीकडं बोट दाखवत होत्या. तळाशी दोन बोटं पिवळं पाणी जमलं होतं. "पाहा! किडनी चालू झाली तिची!" त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं त्या पिशवीला वाकून नमस्कार केला. गाडी परत गेली. सिस्टरनी त्या दिवशी सगळ्या विभागाला आलुबोंडे खाऊ घातले, लघवीच्या नावानं!

तीन आठवड्यांनी लक्ष्मी घरी गेली. मशीन सुटलं होतं, पण ती भ्रमिष्टासारखी टक लावून बघायची, पाय उचलत नव्हता. आठव्या दिवशी आम्ही तिच्या गावी गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सारे कापसाच्या वेचनीले गेले, वनीकडं. पोरीले उचलूनच बसवलं गाडीत. मांगं कोनापाशी ठेवतीन?" फोन बंद. मी पुढचे दोन महिने रोज तो नंबर लावला आणि रोज तीच बाई म्हणाली की आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे.

सिस्टर तेव्हापासून बदलल्या. वणीकडचा कोणी दवाखान्यात दिसला की विचारायच्या, टेकामाची पोरगी पाह्यली का कुठं? रागावणं कमी झालं, आणि हे मला अजिबात आवडलं नाही. जानेवारीत लक्ष्मीचा नव्वदावा दिवस आला, आणि त्याच महिनाअखेरीला सिस्टरची निवृत्ती. मोठे सर समजुतीनं म्हणाले, "सिस्टर, एवढ्या मोठ्या अभ्यासात काही लोक हातातून सुटतातच. 'संपर्क नाही' लिहू. एका नावानं उत्तर बदलत नाही."

"कागदाचं तुमी पाहा सर," सिस्टर म्हणाल्या. "मी तिच्या बापाले थांबवलं. तिच्या मायच्या हातचं पानी मी अडवलं. ते जर पुढं गेलीच असन, रस्त्यात नाईतर कोन्या परक्या वावरात, तर मंग मी तिले उगाच टोचलं, अन् तिचं मरनही हिसकून घेतलं. थे मले माहीत पाह्यजे. चांगलं असो का वाईट."

सरांनी शकीलभाईंना फोन लावला. दोन दिवसांसाठी गाडी मिळाली.

पहिला दिवस वाया गेला. वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक, काळी धूळ, जिनिंगच्या फाटकांवर विचारपूस, टपऱ्यांवर विचारपूस. टेकाम नावाची माणसं चिक्कार भेटली, ती सोडून. दुसऱ्या दिवशी शकीलभाई सिस्टरना म्हणाले, "बाजी, मेरा साडू गॅरेजवाला है. मजुरांच्या साऱ्या गाड्या त्याच्याकडंच येतात." साडूभाऊ एका ट्रॅक्टरखाली झोपलेला होता, तसाच खालून बोलला. "केळापूरवाले? हां, मारेगावच्या अलीकडं एका वावरात टोळी आहे. त्यांच्यात एक पोरगी लय बिमार होती दिवाळीत. आता आहे का नाही, अल्ला जाने."

पुढचे सात-आठ किलोमीटर मी मनातल्या मनात देवाला शिव्या देत होतो, नवस बोलत होतो, दोन्ही एकदम. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

मारोतभाऊ धुऱ्यावर कापसाचं गाठोडं बांधत होते. सिस्टरना बघून उभे राहिले, हात जोडले, लगेच पाण्याचा तांब्या आणला. पाहुण्याला आधी पाणी, मग बाकीचं. "या बाई, बसा. येनं कसं केलं? चहा मांडतो."

सिस्टरनी तांब्याला हात लावला नाही. "लक्ष्मी कुठं हाये?"

मारोतभाऊनी वावराकडं हात केला.

उभ्या पराटीत, कापसाच्या झाडांमध्ये, दहा-बारा बाया वेचत होत्या. डोक्याला फडकी, लुगड्यावर पुरुषांचे लांब बाह्यांचे शर्ट, कमरेला कापसाची झोळी, सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्या सारख्या. सिस्टर चपलेनिशी ढेकळांतून धावल्याच. सत्तावन्न वर्षांची बाई! पहिलीच्या तोंडाकडं पाहिलं, दुसरीच्या पाहिलं. चौथी वळली. गाल बसलेले, फडक्याखालून, तापात गळून नुकते उगवलेले आखूड केस, आणि पायावर घोट्यापासून वर गेलेला तो वण.

"लक्ष्मी?"

"हव जी. तुमी कोन?"

मला ओरडावंसं वाटलं, अगं बाई, तुला ठाऊक तरी आहे का ही कोण आहे! पण सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्यातून आली. तुई तब्येत इचाराले."

"मले तिथलं काईच आठवत नाई," लक्ष्मी म्हणाली. बोलतानाही तिचे हात चालूच होते. "बाबा सांगते, एक बाई होती म्हने, लय कटकट करे. घरी येऊच देत नव्हती."

"हव. होती एक तशी."

"इचारा काय इचारायचं थे. पन मी थांबत नाई हो, माही पात मांगं पडते."

सिस्टरनी पदर खोचला आणि तिच्या शेजारच्या ओळीत शिरल्या. दोघी वेचत पुढं निघाल्या. मी फॉर्म आणि पेन घेऊन मागून ठेचकाळत पळत होतो आणि सिस्टर मागं न बघता ओरडत होत्या. "लिही प्रफुल्ल, आंघोळ आपल्या हातानं करते! लिही, पानी भरते, एकच गुंड, दोन नाई उचलत! झोप लागते का गं? लिही, लागते!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या ती पुसतही नव्हत्या. माझीही अवस्था फार वेगळी नव्हती, फॉर्मवरची शाई दोन ठिकाणी पसरली.

अर्धी ओळ झाल्यावर लक्ष्मीनं सिस्टरच्या मुठीकडं पाहिलं. बोंडासोबत वाळलेला पाला, काड्या, सगळंच ओरबाडून आलं होतं. तिनं सिस्टरचा हात धरला आणि पुढचं बोंड स्वतः काढून दाखवलं.

"असं नाई जी बाई, कचरा येते. सावकास काढा."

"हव," आत्राम सिस्टर म्हणाल्या, आणि सावकाश काढू लागल्या.